राखण कोणाची? : ‘देवराई’ ते ‘कासव’ या चित्रपटांतील मनोरुग्णाच्या काळजीचा विचार

प्रास्ताविक

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटांची चर्चा मराठी समीक्षेत बहुतांशी ‘सामाजिक आशयाचे चित्रपट’ या सदराखाली होत आली आहे. हे सदर सोयीचे असले तरी पुरेसे नाही. चित्रपटाला सामाजिक आशय आहे असे एकदा म्हटले की त्या आशयाची बारकाईने तपासणी करण्याची गरज संपल्यासारखे होते, आणि उरतो तो केवळ गौरव. ‘देवराई’ (२००४), ‘अस्तु’ (२०१३) आणि ‘कासव’ (२०१६) या तिन्ही चित्रपटांच्या बाबतीत असे घडले आहे. मनोविकाराकडे सहानुभूतीने पाहणारे चित्रपट म्हणून ते नावाजले गेले. ‘कासव’ला तर २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ लाभले. परंतु या चित्रपटांत आजारी माणसाची काळजी नेमके कोण घेते, कशाच्या बळावर घेते आणि किती काळ घेऊ शकते, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. प्रस्तुत लेखात तो विचारला आहे.

या प्रश्नाला आज एक व्यावहारिक बाजूही आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या एकोणिसाव्या कलमाने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा समाजात सोयी नाहीत, एवढ्याच कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असे हे कलम सांगते. रुग्णालयाचे दार उघडल्यानंतर त्या दाराबाहेर कोण उभे असेल, याचे उत्तर मात्र कायद्याच्या भाषेत ‘समुदाय’ या एका शब्दात सामावलेले आहे. या शब्दाचा अर्थ काय, याचा शोध घेण्यासाठी कलाकृती उपयोगी पडतात, कारण कलाकृतीला समुदाय दाखवायचा तर माणसे दाखवावी लागतात.

‘देवराई’ : बहिणीचे घर

‘देवराई’ची निर्मितीच मुळी एका चळवळीतून झाली. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ वाणी हे चित्रपटामागे उभे राहिले. पुण्यातील ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ या संस्थेच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता. म्हणजे छिन्नमनस्कतेविषयी समाजात जाणीव निर्माण करणे हा हेतू चित्रपटाच्या जन्माशी जोडलेला आहे. हेतूच्या ओझ्याखाली कलाकृती वाकते, असा एक समज आपल्याकडे आहे. ‘देवराई’ काही ठिकाणी वाकते हे मान्य करावे लागेल. आजाराची माहिती देण्याची निकड संवादांतून डोकावते आणि तेवढ्यापुरता चित्रपट पाठ्यपुस्तकाच्या जवळ जातो. तथापि, अतुल कुलकर्णी यांनी उभा केलेला शेष हा आजाराचे उदाहरण म्हणून वावरत नाही. तो बुद्धिमान आहे, हट्टी आहे, कोकणातल्या आपल्या देवराईत त्याचा जीव गुंतलेला आहे, आणि त्याचे भ्रम याच गुंतण्यातून फुटतात. निरोगी शेष कुठे संपतो आणि आजारी शेष कुठे सुरू होतो, ही रेषा चित्रपट ठळक करीत नाही. हे त्याचे सर्वांत मोठे यश आहे.

शेषला सांभाळते ती त्याची बहीण सीना. सोनाली कुलकर्णी यांनी ही भूमिका संयमाने केली आहे. सीना विवाहित आहे, तिचे शहरातले घर आहे, संसार आहे. आणि भावाला घरी आणल्यानंतर त्या संसारावर पडणारा ताण चित्रपट लपवीत नाही. माहेरचा आजारी भाऊ सासरच्या घरात ठेवणे ही महाराष्ट्रातल्या कोणत्याही स्त्रीसाठी किती नाजूक गोष्ट आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. डॉक्टर आहेत, औषधे आहेत, सल्ला आहे. पण ते सर्व सीनामार्फत शेषपर्यंत पोचते. ती थकली तर उपचार थकतात. समुदायाधिष्ठित उपचाराचे हे खरे रूप आहे, असे चित्रपट नकळत दाखवून जातो: समुदाय म्हणजे कुटुंब, आणि कुटुंब म्हणजे त्यातील एक स्त्री.

मराठी स्वमदत गटांनी आजारी व्यक्तीसाठी ‘शुभार्थी’ आणि तिची काळजी घेणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ हे शब्द रूढ केले. ‘वेडा’ आणि ‘वेड्याचे नातेवाईक’ यांच्या जागी हे शब्द येणे ही मोठी सुधारणा होती, यात शंका नाही. अपमान सोसत आलेल्या घरांना त्यांनी ताठ मानेने उभे राहण्यासाठी शब्द दिला. परंतु ‘शुभंकर’ या शब्दात एक अडचणही आहे. शुभ करणारा तो शुभंकर. म्हणजे जे चालले आहे ते श्रम नसून पुण्य आहे, अशी छटा त्याला येते. पुण्याला पाळी नसते, रजा नसते आणि मोबदलाही नसतो. सीना ही या शब्दाची मूर्ती आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे केवळ कौतुकाने पाहणे पुरेसे ठरत नाही.

प्रतिमेच्या आत राहिलेला विचार

चित्रपटाची मध्यवर्ती प्रतिमा देवराईची आहे. समीक्षकांनी तिचा अर्थ शेषच्या मनाशी जोडला: दाट, अंधारी, जपलेली, भीतिदायक आणि पवित्र. हा अर्थ चित्रपटालाही अभिप्रेत आहे. पण देवराई ही आधी एक संस्था आहे, मग प्रतिमा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्यातून दिसते ते असे की ही राने गावाच्या नियमांनी टिकली. काडी तोडायची नाही, वाळलेले लाकूडही घरी न्यायचे नाही; अडचणीच्या प्रसंगी काही घ्यायचे झाले तर देवाचा कौल घ्यायचा. कोकणात गुरव, मानकरी, गावकी अशी माणसे आणि व्यवस्था त्यामागे असतात. झाडावर कोणाचे प्रेम आहे की नाही, हा प्रश्नच तिथे येत नाही. एखादा गावकरी देवराईविषयी उदासीन असू शकतो. तरीही तो नियम पाळतो आणि रान टिकते.

चित्रपटाच्या हाती आलेला हा विचार त्याने पुढे नेलेला नाही, असे वाटते. शेषच्या मनाला देवराईची उपमा दिली. मात्र त्याच्या राखणीची जी व्यवस्था दाखवली ती देवराईच्या राखणीच्या नेमकी उलट आहे. देवराई सर्वांची, म्हणून एकट्या कोणावर तिचा भार नाही. शेष एकटीचा. प्रेमावर उभी असलेली काळजी आणि नियमावर उभी असलेली काळजी यांतला हा फरक आहे, आणि मानसोपचाराच्या दृष्टीने तो निर्णायक आहे. छिन्नमनस्कता हा वर्षानुवर्षे चालणारा आजार आहे. प्रेम वर्षानुवर्षे टिकते, पण प्रेम करणाऱ्याची पाठ दुखू लागते, तिची नोकरी जाते, तिचे वय होते. सत्तरीतल्या आईला छळणारा ‘माझ्यामागे याचे काय’ हा प्रश्न प्रेमाच्या अभावातून येत नाही.

अर्थात गावकीचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. देवराई राखणारी हीच गावकी कोणाला देवळाच्या पायरीपाशी अडवते आणि कोणाला अंगात आले म्हणून मारते, हा इतिहास ताजा आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या निवाऱ्यात साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. तेही श्रद्धेच्या समुदायातच राहत होते. ‘देवराई’ त्यानंतर तीन वर्षांनी आला. समुदाय हा शब्द आपोआप शुभ होत नाही, एवढे भान ठेवून पुढे जावे लागते.

‘अस्तु’ आणि ‘कासव’ : परक्याचा हात

‘अस्तु’चा विषय स्मृतिभ्रंश हा आहे, छिन्नमनस्कतेच्या वर्गात तो बसत नाही, म्हणून त्याचा उल्लेख ओझरताच. डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले चक्रपाणी शास्त्री हत्तीच्या मागे जात हरवतात आणि माहुताच्या कुटुंबात जाऊन पडतात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखे जेवू घालते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इथे काळजी पहिल्यांदा रक्ताच्या नात्याबाहेर पडते. पडते ती मात्र अत्यंत गरीब स्त्रीच्या पदरात, आणि तीही काही तासांपुरती.

‘कासव’मध्ये ही वाटचाल पूर्ण होते. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला, नाव सांगायलाही तयार नसलेला एक तरुण जानकीला प्रवासात भेटतो. स्वतः नैराश्यातून गेलेली जानकी त्याला देवगडच्या समुद्रकाठच्या घरी घेऊन जाते. तिथे तिच्यासोबत ड्रायव्हर यदू आहे, कासवांच्या संवर्धनाचे काम करणारे दत्ताभाऊ आहेत. त्या मुलाशी कोणाचेही नाते नाही. त्याला कोणी घाईने प्रश्न विचारीत नाही, उपदेश करीत नाही. त्याच्या भोवती जेवणखाण, झोप, समुद्र आणि थोडी माणसे ठेवली जातात. मनोसामाजिक उपचाराच्या पाठ्यपुस्तकांत जे अनेक पानांत सांगितलेले असते ते इथे एका घराच्या दिनक्रमातून दिसते. कासवाची मादी वाळूत अंडी घालून निघून जाते आणि किनाऱ्यावरची माणसे ती राखतात, ही प्रतिमा ‘देवराई’तील प्रतिमेपेक्षा अधिक नेमकी आहे, कारण तीत राखणदार दिसतात.

‘देवराई’तून ‘कासव’कडे येताना बारा वर्षांत दिग्दर्शकद्वयाचा विचार कुटुंबाकडून परक्यांकडे सरकला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. घरच आजाराचे कारण किंवा ओझ्याने वाकलेले असेल तर माणसाने जायचे कुठे, या प्रश्नाला चित्रपटाने उत्तर देण्याचा प्रयत्न केला. याच रायगड जिल्ह्यातील कर्जत येथे डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन फाउंडेशनचे केंद्र रस्त्यावरच्या मनोरुग्णांना आणून त्यांच्यावर उपचार करते. वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वाटेवर दिसलेल्या अनोळखी माणसाला गाडीत बसवणे ही केवळ पटकथेतली कल्पना नाही, याची ती साक्ष आहे. मात्र ‘श्रद्धा’चे काम बऱ्या झालेल्या माणसाला त्याच्या कुटुंबाकडे पोचवण्याकडे वाहते, म्हणजे पुन्हा घर, आणि बहुधा पुन्हा एक सीना.

‘कासव’चे उत्तर मात्र महाग आहे. जानकीपाशी समुद्रकाठचे घर आहे, मोटार आहे, मोकळा वेळ आहे. किशोर कदम यांनी रंगवलेला यदू हा पगारी माणूस आहे, आणि चित्रपटातील पुष्कळशी प्रत्यक्ष कामे त्याच्या वाट्याला येतात. त्याच्या कुरकुरीतून विनोद निर्माण होतो; पण त्या कुरकुरीत एक सत्य आहे, ज्याच्याशी चित्रपट फार वेळ थांबत नाही. काळजी हे काम आहे आणि काम करणाऱ्याला ते काम म्हणूनच दिसते.

पडद्यावर न आलेली बाई

या चित्रपटांच्याच काळात, २००९ ते २०१० या वर्षांत, महाराष्ट्रातील सातारा, गोवा आणि तमिळनाडूतील कांचीपुरम या तीन ठिकाणी एका अभ्यासासाठी छिन्नमनस्कतेच्या रुग्णांची नोंदणी चालू होती. सुदिप्तो चटर्जी आणि सहकाऱ्यांच्या या यादृच्छिक नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एकूण २८२ रुग्ण. त्यांपैकी ९५ जणांना दवाखान्यातील नेहमीचे उपचार, तर १८७ जणांना त्याच उपचारांच्या जोडीला घरी येणाऱ्या कार्यकर्त्याची साथ. हे कार्यकर्ते स्थानिक होते आणि डॉक्टर वा मानसतज्ज्ञ नव्हते. त्यांना या कामाचे प्रशिक्षण दिले होते आणि त्यांच्यावर तज्ज्ञांची देखरेख होती. पहिले तीन महिने भेटी दाट, नंतर पंधरवड्याने, शेवटच्या टप्प्यात महिन्याने. आजार समजावून सांगणे, औषधे चुकू नयेत यासाठी मार्ग काढणे, आंघोळ-जेवणापासून कामधंद्यापर्यंत हळूहळू नेणे, शेजाऱ्यांच्या बोलण्याला तोंड देणे, सरकारी लाभ मिळवून देणे, स्वमदत गटाशी जोडणे: कामाचे स्वरूप असे होते.

निष्कर्ष नेत्रदीपक नाहीत, आणि अभ्यासकांनीही ते तसे मांडलेले नाहीत. वर्षअखेर दोन्ही गटांत लक्षणे वीस टक्क्यांहून अधिक कमी झालेल्यांचे प्रमाण सारखेच, ५१ टक्के, निघाले. फरक पडला तो मुख्यतः दैनंदिन जीवनातील अक्षमतेत. घरी भेटी मिळालेल्या गटात ती अधिक कमी झाली. ग्रामीण तमिळनाडूत लक्षणे आणि अक्षमता या दोन्हींत स्पष्ट सुधारणा आढळली. जिथे सेवांचा तुटवडा आहे अशा ग्रामीण भागासाठी ही पद्धत आरंभीची सेवा म्हणून स्वीकारण्याजोगी आहे, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. म्हणजे भास थांबवणे हे औषधाचे काम राहिले. माणूस उठून बाजारात जाऊ लागला, त्यात घरी येणाऱ्या माणसाचा वाटा होता.

साताऱ्यातील हा कार्यकर्ता, किंवा ही कार्यकर्ती, मराठी चित्रपटात कुठे आहे? बहीण आहे, माहुताची बायको आहे, सहृदय श्रीमंत स्त्री आहे, डॉक्टर आहेत. दारावर थाप मारून ‘गोळ्या घेतल्या का’ असे विचारणारी, ना नात्यातली ना पूर्णपणे परकी, सार्वजनिक व्यवस्थेने नेमलेली आणि त्यासाठी पैसे घेणारी बाई कुठेही नाही. ही उणीव अधिक जाणवते, कारण सुमित्रा भावे यांची पार्श्वभूमी समाजकार्याची होती. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी अध्यापन केले होते आणि १९८५ सालचा त्यांचा पहिला लघुपट ‘बाई’ हा झोपडपट्टीतील कष्टकरी स्त्रीवरच होता. घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्तीचे जग त्यांना परके नव्हते. तरीही मनोविकाराकडे वळल्यावर त्यांच्या कथा मध्यमवर्गीय वा त्याहून वरच्या घरांत स्थिरावल्या आणि काळजी ही नात्याची वा हृदयाची गोष्ट झाली. कदाचित नोंदवही घेऊन फिरणारी बाई नाट्यमय वाटत नसावी. मराठी कथात्म साहित्यातही चित्र फार वेगळे नाही. तिथेही वेड हे बहुधा वाड्यात, माजघरात किंवा कवीच्या खोलीत वसते.

विचुंबे आणि ‘समुदाय’

हा मुद्दा ज्या परिसरात वाचला जाईल त्या परिसराकडे पाहिले तर तो अधिक स्पष्ट होतो. न्यू पनवेलच्या कडेचे विचुंबे हे गाव २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या नवी मुंबई विमानतळ प्रभाव क्षेत्रात, म्हणजे ‘नैना’त मोडते. जुने गावठाण आणि त्याला खेटून उभ्या इमारती असे त्याचे आजचे रूप आहे. गावठाणातल्या माणसाला गावकी आहे. तिथे आजारी मुलगा कोणाचा हे सर्वांना ठाऊक असते, आणि तेच कधी आधाराचे, कधी छळाचे कारण होते. इमारतीत भाड्याने राहणाऱ्या घराला यांतले काहीच नाही. सकाळच्या लोकलने निघून रात्री परतणाऱ्या त्या घरात एखादा शेष असेल, तर दिवसभर त्याच्यापाशी दाराची कडी असते. सीनाने नोकरी सोडली तर घराचा हप्ता थांबतो. जानकीचा बंगला तर दूरच.

राज्यातील जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे. रायगडच्या एका बाजूला ठाणे, दुसऱ्या बाजूला रत्नागिरी. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६चा. कागदावर ही चौकट जुनी आहे. गावात दारोदार जाणारी माणसे म्हणजे आशा आणि अंगणवाडी सेविका. गरोदरपण, लसीकरण, क्षयरोग, रक्तदाब यांच्या नोंदी करून दमलेल्या आशेवर मानसिक आजाराची प्राथमिक चौकशीही आता सोपवली जाते. मात्र चौकशी करणे वेगळे आणि साताऱ्याप्रमाणे एकाच घरी वर्षभर जात राहणे वेगळे. आशेला मिळतो तो वेतन नव्हे, ‘मोबदला’. इथेही ‘शुभंकर’ शब्दातली अडचण दुसऱ्या वेषात भेटते. तिलाही सेवाभावाचेच श्रेय दिले जाते.

कोकण किनाऱ्यावरच्या कासव-संवर्धनाची एक गोष्ट ‘कासव’ पाहताना मागे पडते. तिथे घरटे सापडले की तारीख लिहितात, अंडी मोजतात, ती कुंपणाच्या आत हलवतात आणि पिल्ले बाहेर पडण्याचे दिवस धरून रोज सकाळ-संध्याकाळ कोणीतरी टोपली उचलून पाहते. कोणी पाहायचे, हे ठरलेले असते. ज्याची पाळी आहे त्याचे त्या दिवशी कासवावर प्रेम असो वा नसो, तो किनाऱ्यावर जातो. देवगडच्या घरातल्या त्या तरुणासाठी अशी पाळी कोणी लावलेली नाही. त्याचे सारे जानकीच्या मनावर आहे. चित्रपट संपल्यानंतरच्या महिन्यात, तो आपल्या गावी वा एखाद्या विचुंब्यात भाड्याच्या खोलीत राहू लागल्यावर, पहिल्या चुकलेल्या गोळीच्या दिवशी त्याच्या दारावर कोण येणार, हे ठरवण्याचे काम पटकथेने केलेले नाही, आणि अधिनियमाच्या एकोणिसाव्या कलमात ज्या ‘वाजवी कालावधी’त सरकारने मध्यमार्गी निवास आणि सामूहिक घरे उभारायची आहेत, त्या कालावधीला आकडा दिलेला नाही.